डाव्या चाकाची बाहेरची कड

पाळधी मागे पडली, योगेंद्रने गाडी ऐंशीवर नेली आणि तो आवाज सुरू झाला. घुंऽऽ असा, एकसुरी, न थकता चाललेला. मला तर तो आधी ऐकूच आला नाही. माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या सबस्टेशनात गेली, ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीत. आमच्याकडे आवाज बंद झाला की माणसं दचकून खुर्चीवरून उठायची. त्यामुळे कुठे काही गुणगुणत असलं की मला वाटतं, चला, सगळं ठीक चाललंय.

"नाना, हा आवाज कसला येतोय?" योगेंद्रने विचारलं.

"कसला?"

"तुम्हाला येत नाही?"

"ए.सी. असेल."

त्याने ए.सी. बंद केला. आवाज तसाच. काच खाली केली, वर केली. आवाज होता तिथेच होता. मग तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, जणू मीच कुठेतरी तोंड मिटून गुणगुणतोय.

योगेंद्र माझा एकुलता एक मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी, बायको मेघा तिथेच. दोन दिवसांची सुट्टी काढून तो जळगावला आला होता ते माझी गाडी मार्गी लावायला. आम्ही धुळ्याला चाललो होतो. तिथे माझा भाचा भूषण राहतो. रोज मोटारसायकलवर शिरपूरला नोकरीला जातो, तेही त्या ट्रकांच्या गर्दीतून. योगेंद्रचं म्हणणं असं, की भूषणला गाडीची गरज आहे आणि नानांची गाडी अंगणात नुसती उभी आहे. उभ्या गाडीची बॅटरी बसते, टायर बसतात, उंदीर वायरी खातात. मग ती भूषणला द्यावी, त्याचे आशीर्वाद तरी मिळतील.

यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त एकच गोष्ट खोटी होती, आणि ती मीच सांगितलेली होती. गाडी उभी नव्हती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याला थोडं धूसरच राहील, आता गाडी चालवू नका. मी योगेंद्रला फोनवर शब्द दिला, नाही चालवत. तेव्हापासून दर रविवारी त्याचा प्रश्न यायचा, "गाडी चालवत नाही ना?" आणि मी म्हणायचो, "छे, उभी आहे." इतक्या वेळा म्हणालो की शेवटी त्याने ते खरं मानलं आणि माझ्याच शब्दांत मला बांधून टाकलं. आता कुठल्या तोंडाने सांगू, की नको देऊ गाडी, मला रोज लागते?

काय लागते ते सांगतो. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये दत्ताचं छोटं देऊळ आहे आणि देवळाभोवती एक गाडी फिरेल एवढा सिमेंटचा रस्ता. माझी बायको तानुबाई रोज संध्याकाळी तिथे माळ हातात घेऊन प्रदक्षिणा घालायची. एका फेरीला एक मणी, माळ संपली की घरी. मी ओट्यावर बसून तिची वाट बघायचो आणि चहा कोण करणार यावरून मनात कुरकुर करायचो. मग तिचे गुडघे गेले. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की ती खिडकीत बसून रडायची, आणि बायको रडायला लागली की मला राग येतो, कारण काय करावं सुचत नाही. एके दिवशी मी चिडून म्हटलं, "ऊठ, गाडीत बस. पायांनी नाही तर चाकांनी फीर." कॉलनीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नंतर त्यांनाही सवय झाली. नानांची गाडी फिरायला लागली की दिवे लावायची वेळ झाली, असं म्हणायच्या. ती माझ्या बाजूला बसून मणी ओढायची, मी दुसऱ्या गिअरमध्ये फिरवत राहायचो. योगेंद्रला हे सांगायचं नाही, असं तिने बजावून ठेवलं होतं. "पोरगं हसेल. पेट्रोल जाळता म्हणेल."

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष. दिवस झाले, पाहुणे गेले, साड्या नात्यातल्या बायांनी वाटून घेतल्या, तिची खाट कुणीतरी नेली. योगेंद्र आणि मेघा पुण्याला परतले. त्या दिवशी संध्याकाळी घरात इतकी शांतता झाली, की मी उठलो, गाडी काढली आणि देवळाभोवती फिरायला लागलो. मी काही देवभोळा नाही. दत्ताशी माझं भांडणही नाही. पण तिची माळ अर्धी राहू नये असं वाटलं. माळ ओढायला हात मोकळा नाही, म्हणून आरतीची घंटा होईपर्यंत फिरायचं, असं ठरवून टाकलं. तेवढ्या वेळात बाजूच्या सीटकडे तोंड न वळवता तिच्याशी बोलायचं. आज मेथीच्या जुडीत निम्मी माती निघाली. आज योगेंद्रचा फोन आला नाही. आज दाढ दुखते आहे. वेडा म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या दिवसात सकाळ असते, दुपार असते, पण जगायची वेळ म्हणाल तर तेवढीच. गाडी गेली की ती गेली.

म्हणून एरंडोलच्या अलीकडे योगेंद्र जेव्हा म्हणाला, "नाना, आवाज मोठा आहे, भूषणला अशी गाडी कशी द्यायची?" तेव्हा मी मनात म्हटलं, वाज बाबा, आणखी वाज.

पण माझा मुलगा पडला इंजिनिअर. कोडं दिसलं की त्याला भूक लागत नाही. त्याने रिकामा रस्ता बघून गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिनाचा आवाज खाली बसला, घुंऽऽ तसंच. "इंजिन नाही, गिअरही नाही," तो म्हणाला. मग त्याने गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी डुलवली. मी दारावरचं हँडल धरून बसलो. आज मी तिच्या जागेवर बसलो होतो, आणि ते मला सकाळपासूनच आवडलं नव्हतं.

"हे काय चाललंय?"

"चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर एका बाजूला भार पडल्यावर आवाज वाढतो. इथे काही वाढत नाही, कमी होत नाही."

पुढे एक पूल लागला. पुलावर आवाज एकदम बारीक झाला आणि पूल संपताच पुन्हा जाड. योगेंद्रचा चेहरा उजळला. लहानपणी गणित सुटलं की असाच उजळायचा. "रस्ता बदलला की सूर बदलतो. टायर आहे, नाना! आवाज टायरचा आहे."

मला त्या टायरचा खूप राग आला.

पारोळ्याला रस्त्याकडेच्या टपरीवर गाडी थांबवली. मी चहा सांगितला. योगेंद्र चहा सोडून पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला, पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता. टायरवरून हात फिरवला, उलटा फिरवला, पुन्हा फिरवला. मग मला बोलावलं.

"इथे हात लावा. बाहेरून आत नेला की गुळगुळीत. आता आतून बाहेर आणा."

आणला. खरखर लागली. टायरची बाहेरची कड उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती आणि आतली कड जवळपास नवी. पलीकडच्या चाकाला उलटं, आतली कड खलास, बाहेरची चांगली.

"नाना, गाडी उभी असते ना?"

"उभीच असते."

"उभ्या गाडीचं टायर झिजत नाही."

"उन्हाने झालं असेल."

"उन्हाने एकच कड झिजते?"

"जळगावचं ऊन विसरलास तू पुण्याला जाऊन," मी म्हटलं आणि बशीत चहा ओतला. थोडा पँटवर सांडला. त्याने ते बघितलं की नाही कोण जाणे. तो फोनवर भूषणला सांगत होता, घरी थांबू नकोस, आधी टायरवाल्याकडे भेटू.

भूषणच्या ओळखीचा टायरवाला धुळ्यात शिरतानाच पारोळा रोडवर होता. प्रेमराज नाव, मारवाडी माणूस, पोटावरून शर्ट ताणलेला, बोलायला गोड. भूषण आमच्या आधीच तिथे येऊन मोटारसायकलला टेकून उभा होता. माझ्या पाया पडला आणि किल्ली घेऊन एक चक्कर मारून आला. उतरला तो डोळे मोठे करून.

"मामा, काय आवाज शे हाऊ! माले वाटनं विमानच उतरी राहिनं."

माझा जीव भांड्यात पडला. भूषण मनाने चांगला आहे, पण गाडीच्या बाबतीत चिकित्सक. असली गाडी तो नेणार नाही. मी खुशीत प्रेमराजच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. संध्याकाळपर्यंत हे लोक कंटाळतील, आपण आपली गाडी घेऊन परत जाऊ, आरतीच्या आत पोहोचू, असा सगळा हिशेब मी मनात मांडून टाकला.

प्रेमराजने गाडी वर उचलली. चारही चाकं हाताने फिरवून कान लावला. "बेअरिंग शांत आहेत." मग चाकांना यंत्रं अडकवली आणि पडद्यावर आकडे बघितले. सगळे आकडे हिरवे. त्याने मान खाजवली. "अलाइनमेंटही बरोबर. चाकं जिथे बघायला पाहिजेत तिथेच बघतायत. गाडीत दोष नाही, साहेब."

"मग कड का झिजली?" योगेंद्रने विचारलं.

"तेच मला कळत नाही."

योगेंद्रने मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावायला सांगितली. भूषणने पुन्हा चक्कर मारली. आवाज आता मागच्या सीटखालून येत होता. म्हणजे टायरच, दुसरं काही नाही. एवढं नक्की झालं, पण कारण हाती लागेना. तिघंही काढलेल्या चाकाभोवती उभे राहून त्या कडेकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. बरंच वाटलं. सगळं ठाऊक असलेला माणूस खुर्चीवर बसला होता आणि त्याला विचारायचं कोणाच्या मनात येत नव्हतं. घरात म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं, मी काही वाईट वाटून घेतलं नाही. थोडं घेतलं.

मग प्रेमराज एकदम म्हणाला, "ही गाडी ड्रायव्हिंग क्लासला होती का?"

"नाही. का?"

"ही गाडी उजवीकडेच वळत राहिली आहे. सारखी. डावीकडे वळलीच नाही म्हणा ना. उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या बाजूवर येतो, डाव्या चाकाची बाहेरची कड रस्त्यावर घासते. मैदानात नवशिक्यांना गोल गोल फिरवतात ना, तशी गाडी आहे ही."

भूषण हसला. योगेंद्र हसला नाही. तो गाडीत वाकला, दाराच्या आतल्या बाजूला सर्व्हिसिंगवाल्यांनी चिकटवलेला कागद वाचला, मग समोरचा किलोमीटरचा आकडा वाचला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"नाना, ही गाडी हजारो किलोमीटर चालली आहे. तुम्ही चालवत नाही. मग कोण चालवतंय?"

"कोण चालवणार?"

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणि आतून पुसायला कौतिकला देता ना? रोज?"

कौतिक आमच्या कॉलनीतल्या गाड्या धुतो. साठीला आलेला माणूस, सकाळी बादली घेऊन येतो आणि फाटकातूनच विचारतो, "नाना, चहा झाया का?" दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारा तेवढा एकच.

"त्याचा मुलगा ड्रायव्हरची नोकरी शोधतोय, तुम्हीच सांगितलं होतं मला," योगेंद्र म्हणाला. "म्हणजे तुमच्या गाडीवर त्याला शिकवलं याने. तुम्ही दुपारी झोपता, हे याला माहीत. कमाल आहे! इतका विश्वास टाकला आपण." त्याने माझ्या खिशातून माझा फोन काढून घेतला आणि कौतिकचं नाव शोधायला लागला.

"राहू दे."

"का राहू दे? विचारू तरी द्या."

"राहू दे म्हणतो ना!"

"नाना, तुम्ही नेहमी असंच करता. लोक तुमच्या साधेपणाचा फायदा—"

पलीकडे रिंग वाजायला लागली. मी उठलो, त्याच्या हातातून फोन हिसकला आणि बंद केला. खुर्ची मागे पडली.

"मी चालवतो," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "दुसरं कोणी नाही. मी फिरतो. दत्ताच्या देवळाभोवती, रोज संध्याकाळी. तुझ्या आईला घेऊन."

"आईला?"

"आधी ती असायची. गुडघे गेले तेव्हापासून. आता नसते."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, दुकानाचा पत्रा थरथरला. भूषणने पडलेली खुर्ची उचलून सरळ ठेवली. मी बसलो नाही. मला वाटलं होतं हे बोलून टाकलं की हलकं वाटेल. उलट चोरी पकडल्यासारखं अंग गरम झालं. इतके दिवस ते दोघांचं होतं, म्हणजे माझं आणि तिचं. आता ते टायरवाल्याच्या दुकानात सगळ्यांपुढे पडलं होतं, त्या काढलेल्या चाकाशेजारी.

प्रेमराजला बिचाऱ्याला शांतता सहन झाली नाही. तो मनापासून म्हणाला, "नाना, मग एक काम करा ना. निम्म्या फेऱ्या उलट्या बाजूने मारा. दोन्ही कडा सारख्या झिजतील, आवाजही येणार नाही."

"उलट्या बाजूने? देवाला डावं घालून?" मी एवढा भडकलो की मलाच बरं वाटलं. "तुम्ही तुमच्या मंदिरात उलटे फिरता का हो, प्रेमराजशेठ? टायर वाचवायला?"

त्याने दोन्ही कानांना हात लावले. "चुकलं, नाना. तेवढं डोक्यात नाही आलं."

भूषण माझ्याजवळ आला. लहान असताना माझ्या खांद्यावर बसून एकविरेच्या जत्रेला गेलेलं पोरगं ते. "मामा, मी नही लेवाव गाडी," तो हळू म्हणाला. "मनी मोटारसायकल बरी शे. तुमनी गाडी तुमनाच अंगणमा राहू द्या."

म्हणजे मी जिंकलो होतो. पण योगेंद्र तिकडे नळावर हात धूत उभा होता, पाठ करून, आणि त्याचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

परतीच्या वाटेवर आवाज मागून येत राहिला. पारोळा मागे पडलं. मग योगेंद्र समोर बघत बोलला.

"मी तिला विचारायचो फोनवर, आई, देवळात जातेस का? ती म्हणायची, गुडघ्यांना जमत नाही रे."

"जमत नव्हतंच."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तिनेच नको म्हटलं होतं. तू हसशील म्हणून."

"मी हसलो असतो?" त्याने विचारलं. हसला असता. दोन मिनिटं हसला असता, आणि मग कदाचित तिला फोनवर रोज विचारलं असतं, झाल्या का फेऱ्या? आम्हीच त्याला ती संधी दिली नाही. हे मला त्याला सांगता आलं असतं, पण आमच्याकडे बापलेक असं बोलत नाहीत. आम्ही रस्त्याच्या कामाविषयी बोललो.

एरंडोलला तो म्हणाला, "पण डोळ्याचं काय? धूसर डोळ्याने गाडी, तिथे लहान मुलं खेळतात."

"माझी गाडी दिसली की पोरं आपणहून बाजूला होतात. सायकलवाला माझ्या पुढे जातो."

"ते मला नका सांगू. आज मी चालवतो. तुम्ही बसा. नंतर बघू काय करायचं."

जळगावला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घरी न जाता त्याने गाडी सरळ देवळाकडे वळवली. ओट्यांवरच्या बायांनी माना वर केल्या. "नाना, आज ड्रायव्हर ठेवला का?" एकीने विचारलं. मी हात हलवला.

पहिली फेरी त्याने भरभर मारली. मी म्हटलं, "इतक्या घाईने नाही. आणि दारासमोर आलं की अगदी हळू करायची. तिथे मी हळू करायचो, तिला दर्शन व्हायचं."

दुसऱ्या फेरीला दारासमोर त्याने गाडी जवळजवळ थांबवलीच. मी दर्शनासाठी मान उजवीकडे वळवली.

देव दिसला नाही. मधे योगेंद्र होता. त्याचा कान, चष्म्याची काडी, कानावरचे केस. केस पांढरे झालेत त्याचे. कधी झाले? सकाळपासून त्याच्या शेजारी बसलो होतो, पण असं वळून बघितलं नव्हतं. मी पुढे वाकलो, तर त्याचे हात आणि स्टीअरिंग. मागे रेललो, तर त्याच्या सीटची पाठ. कळस मघाशी लांबून काचेतून दिसला होता, पण देवाचं दार जिथे समोर येतं नेमकं तिथे चालवणारा माणूस आडवा येतो.

"काय झालं?" योगेंद्रने विचारलं.

"काही नाही. आणखी एक फेरी मार."

तिसऱ्या फेरीलाही तेच. चौथ्या फेरीला मी मान वळवून तयारच राहिलो, आणि पुन्हा माझा मुलगाच दिसला, चिंतेने ओठ मुडपून गाडी हाकणारा.

मी तिला रोज विचारायचो. दारासमोर गाडी हळू केली की विचारायचो, "दिसला का गं देव?" आणि ती म्हणायची, "दिसला. चला." एकदा मीच म्हटलं होतं, मागे बस, उजव्या खिडकीपाशी, दर्शन नीट होईल. तर म्हणाली, "मागे बसायला मी काय पाव्हणी आहे का?" आणि पुढचं दार उघडून माझ्या बाजूला बसली. मला तेव्हा वाटलं, हट्टी बाई आहे.

घंटा झाली. आरती सुरू झाली. योगेंद्रने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"राहू दे गाडी, नाना," तो म्हणाला. "भूषणनेही नको म्हटलंच आहे. पुण्याला डोळा एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तोपर्यंत अगदी हळू फिरवायची, कॉलनीच्या बाहेर जायचं नाही, बस."

सकाळपासून मला जे हवं होतं ते सगळं त्याने एका दमात देऊन टाकलं. मी किल्ली त्याच्या हातात परत ठेवली.

"टायर बदल आणि उद्या भूषणला देऊन ये."

"अहो, पण का? आता काय झालं?"

काय सांगणार होतो त्याला? मी समजत होतो, की मी तिला देवाभोवती फिरवतोय. ती गेल्यावरही फिरत राहिलो, तिचं दर्शन चुकू नये म्हणून. आणि त्या सीटवरून देव दिसतच नाही, फक्त चालवणारा दिसतो. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती रोज तयार होऊन तिथेच येऊन बसायची, आणि माळ संपेपर्यंत फेरी फेरीला मला बघायची. आता तिथून बघणारं कोणी नाही. मग मी गाडी फिरवून कोणाला दिसणार?

रोज विचारलं तिला, दिसला का. विचारतानासुद्धा मान वळवली नाही. मी समोर बघून गाडी चालवत होतो.